जुनी, पण जोरदार: किती मोजाल, विकताना किती परत येईल?

वापरलेली परफॉर्मन्स कार घ्यायची ठरवली आहे ना? मग टोकन देण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून काढा. गाडी तुमच्या नावावर होऊन, विमा आणि पहिली दुरुस्ती धरून दारात उभी राहीपर्यंत एकूण किती जातील, हा पहिला. तीन वर्षांनी विकायला काढली तर किती येतील, हा दुसरा. बहुतेक जण मागितलेला भाव आणि आपलं बजेट एवढंच जुळवून पाहतात. गाडीची घसरलेली किंमत जाहिरातीतच दिसते. अर्धवट कागद, इंजिनात केलेले बदल आणि थकलेला गिअरबॉक्स यांची किंमत मात्र गाडी घरी आल्यावर कळते.

भाव कोण धरतं, कोण सोडतं

पहिल्या मालकाने भरलेला कर आणि विमा कधीच परत येत नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर १३ टक्के आहे, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. बीएमडब्ल्यू एम३४०आय २०२१ मध्ये आली तेव्हा शोरूम किंमत ६२ लाख ९० हजार होती. १३ टक्क्यांनी नुसता कर ८ लाखांच्या वर जातो. २०२० ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ पूर्ण तयार होऊन परदेशातून आलेली, शोरूम किंमत ३५ लाख ९९ हजार. २० टक्क्यांनी कर ७ लाख २० हजारांच्या घरात. म्हणून विकणारा ‘मला ऑन-रोड इतक्याला पडली’ म्हणत भाव सांगू लागला की तो आकडा बाजूला ठेवा. बोलणी शोरूम किमतीवरून सुरू करा.

घसाऱ्याचा एक ठरलेला तक्ता विमा कंपन्या वापरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर किंमत तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायची. हा बाजारभाव नव्हे, पण मोजपट्टी म्हणून कामाचा आहे. मागितलेला भाव या तक्त्याच्या वर असेल तर का, हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. बराच खाली असेल तर का, हे तुम्ही शोधलं पाहिजे.

तक्त्याच्या वर राहणाऱ्या गाड्यांत दोन गोष्टी एकत्र आढळतात. गाड्या मोजक्याच आल्या, आणि तरी त्यांचे सुटे भाग मिळतात. आरएस २४५ भारतात २०० आल्या. पण तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिन त्याच समूहाच्या इतर गाड्यांत वापरलेल्या घराण्यातलं आहे, त्यामुळे तिला हात लावू शकणारे मेकॅनिक सापडतात. वर ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टेव्हिया आरएस ४९ लाख ९९ हजारांना आली, तीही फक्त १००. नवी जवळपास ५० लाखांना आणि तीही मिळत नाही म्हटल्यावर नीट ठेवलेल्या जुनीचा मालक भाव का सोडेल?

नुसती दुर्मीळता मात्र पुरत नाही. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजारांना आली. १४५ पीएसची, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात बनलेली. या किमतीत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. पुढे फियाटने भारतातली विक्री बंद केली. आज तिचे चाहते आहेत, पण विकायला काढली तर गिऱ्हाईक थोडं, आणि तेही दूरच्या शहरातलं. भाव टिकणं आणि गाडी पटकन विकली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला पैसे अडीनडीला मोकळे करावे लागणार असतील तर अशी गाडी घेऊ नका.

कंपनीच्या हातूनही भाव पडतो. फोक्सवॅगनची तीन दारांची पोलो जीटीआय २०१६ मध्ये सुमारे साडेपंचवीस लाखांना आली आणि वर्षभरात कंपनीने ती २० लाखांच्या आत आणली. आधी घेणाऱ्यांचे पाच-सहा लाख एका दिवसात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही तेच झालं. नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि वापरलेल्यांचे जुने भाव टिकेनात. म्हणून कुठल्याही गाडीचा भाव ठरवताना त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत विचारा, मालकाने घेतली तेव्हाची नव्हे. एम३४०आयची सुधारित आवृत्ती २०२२ अखेर ६९ लाख २० हजारांना आली, तशी किंमत चढत गेली की जुनीला आधार मिळतो. सवलत जाहीर झाली की आधार जातो.

सर्वांत जोरात घसरतात त्या मोठ्या जर्मन गाड्या, वॉरंटी संपल्यावर. एक कोटीची गाडी सहा-सात वर्षांनी ३० लाखांत दिसते आणि मोह होतो. इथे सावध राहा. गाडीची किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली, तरी तिच्या ब्रेक डिस्क, शॉक अॅब्झॉर्बर आणि टर्बोची किंमत कोटीच्या गाडीचीच राहते. ३० लाखांच्या बजेटमध्ये कोटीच्या गाडीची देखभाल बसत नाही.

पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर माझा सल्ला मधल्या गाड्यांचा आहे: दीड लिटर टर्बोची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हिया, हुंडाईची आय२० एन लाइन. व्हर्टस आणि स्लाव्हिया चाकणलाच बनतात. संख्या भरपूर, म्हणून भाव नेहमीसारखा घसरतो, पण पार्ट मिळतात आणि गाडी विकायला महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. बंद झालेल्यांत पोलो जीटी टीएसआयला आजही मागणी आहे. एका मालकाची, छेडछाड न केलेली मिळाली तर.

छेडछाड: भाव इथे पडतो

परफॉर्मन्स कारच्या जाहिरातीत ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘डाउनपाइप’, ‘रीमॅप’ हे शब्द अभिमानाने लिहिलेले असतात. मालक सांगतो, दोन-तीन लाख खर्च केलेत. तो खर्च भावात धरू नका, उलट वजा करा. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवली की क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर कंपनीने योजला नव्हता असा ताण येतो. वॉरंटी असली तरी जाते. डाउनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर पीयूसीला गाडी अडकेल आणि मोठ्या आवाजाबद्दल पोलीस थांबवतील ते तुम्हाला. आणि विम्याचा दावा आला तेव्हा न कळवलेला बदल सर्व्हेअरला दिसला तर दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळतं.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. इंजिन बदललं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. रंग बदलला असेल तरी हवी.

‘परत स्टॉक केली आहे’ असं सांगितलं तर मूळ पार्ट कुठे आहेत ते विचारा. फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी या समूहाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी स्कॅन केली आणि प्रोग्राम बदललेला सापडला की कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ अशी खूण पडते. मालकाने नंतर प्रोग्राम मूळपदावर आणला तरी ती खूण राहते. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेऊन चेसिस नंबरवर ही नोंद पाहायला सांगा. मालक तिथे यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दहा सेकंद सगळ्यात जास्त सांगतात: टायमिंग चेनची खडखड, सायलेन्सरमधून निळसर धूर, डळमळणारा आयडल. इंजिन गरम झाल्यावर यातलं बरंच लपतं.

मग खाली वाका. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. ‘३४२१’ म्हणजे २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. गाडी १८ हजार किलोमीटर चाललेली सांगत असतील आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर एकतर मीटर फिरवलाय किंवा गाडी रेस ट्रॅकवर पळवली आहे. मीटर फिरवणारा बहुधा समोरचा आकडा बदलतो. गिअरबॉक्स आणि एबीएसच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेला आकडा अनेकदा तसाच राहतो. चांगला मेकॅनिक स्कॅनर लावून ते दोन मिनिटांत पाहतो. तोच स्कॅनर आणखी एक गोष्ट सांगतो: दोष-संकेत नुकतेच पुसलेत का. काल पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दाखवतात. पुसायचं कारण काय होतं, ते मालकाला विचारा.

बॉडीसाठी रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र घेतलेला माणूस बरोबर न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या पॅनलवर ४००-५०० आलं तर तिथे पुट्टी आहे. बंपर घासला म्हणून रंगवणं गुन्हा नाही. पण छताला, दारामधल्या खांबांना किंवा बॉनेटखालच्या पुढच्या चौकटीला रंग असेल तर गाडी मोठ्या अपघातातून गेली आहे. ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण तुमच्याकडूनही कुणी घेणार नाही.

पुराची गाडी ओळखा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणला पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर दुसऱ्या शहरांत विकायला आल्या नसतील असं समजू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट डाग दिसतो, कारण तिथवर कुणी धूत नाही. सीटखालच्या रुळांना गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात गाळ, एसी सुरू करताच दमट वास. टर्बो गाडीत वायरिंग आणि सेन्सर खच्चून भरलेले असतात. एकदा पाणी शिरलं की दुखणी वर्षभर एकेक करत वर येतात.

गिअरबॉक्सला वेगळा वेळ द्या. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांतला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुंबई-पुण्याच्या सरपटणाऱ्या ट्रॅफिकमध्ये लवकर थकतो. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरात, अगदी हळू चालवून पाहा. हिसके बसत असतील तर मेकाट्रॉनिक युनिट किंवा क्लच पॅकचा खर्च समोर आहे, आणि तो दीड-दोन लाखांपर्यंत सहज जातो. ऑक्टेव्हिया आरएससारख्या गाड्यांतला ओल्या क्लचचा डीएसजी जास्त टिकाऊ आहे, पण त्याचं तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं, सहा गिअरच्या डीएसजीत साधारण ६० हजार किलोमीटरला. फाइलमध्ये त्याचं बिल शोधा. नसेल तर बदललं नाही असंच धरा.

फाइल म्हणजे जॉबकार्ड, बिलं, विम्याच्या जुन्या पॉलिसी. प्रत्येक जॉबकार्डवर तारीख आणि किलोमीटर असतात. ते एकाखाली एक लिहा. आकडा कुठे मागे गेला किंवा दीड वर्ष काहीच नोंद नसेल तर प्रश्न विचारा. दोन सारख्या गाड्यांत पूर्ण फाइल असलेलीला लाख-दीड लाख जास्त द्यायला मी तयार असेन. ते पैसे विकताना परत मिळतात.

कागद: आरटीओचं काम

गाडी पाहायला निघण्याआधीच परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाका. कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडी काळ्या यादीत तर नाही, एवढं कळतं. मग ई-चलान तपासा. जोरदार गाडी आणि द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे यांची गाठ पडलेली असतेच. वेगाच्या दंडाची थकलेली रास विकणाऱ्याने भरून पावती दाखवेपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.

नाव बदलायला लागतं ते असं: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, दोघांचे पॅन आणि आधार, तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि पेन्सिलने घासून घेतलेला चेसिस प्रिंट. तो प्रिंट तुमच्यासमोर घ्या आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नुसतं ‘कर्ज फिटलंय’ पुरत नाही, आरसीवरून बोजा उतरायला हवा. मालक हयात नसेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करायची, मगच तुम्हाला विकायची.

या गटातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तिथे संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि जीएसटीचं बिल लागतं. ‘साहेब सही करतील’ यावर टोकन देऊ नका. ठराव हातात आल्यावर द्या.

विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असा कायदा आहे. सरकारी फी थोडी आहे: कारला हस्तांतरणाचे ३०० रुपये, आयात म्हणून नोंदलेल्या गाडीला २,५००, स्मार्ट कार्डचे २००, नवा बोजा चढवायचा असेल तर १,५००. एजंट याच कामाचे चार-पाच हजार सहज मागतात. एजंट लावायचा असेल तर लावा, पण सरकारी पावती मागून घ्या आणि त्याची मजुरी वेगळी ठरवा. गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या कारसाठी महाराष्ट्रात ७४५ रुपये अधिक जीएसटी.

दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त का दिसते, ते समजून घ्या. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी गदा आली, म्हणून तिथले मालक आधीच विकून मोकळे होतात. पुद्दुचेरीत कर कमी म्हणून अनेकांनी तिथे महागड्या गाड्या नोंदवल्या. महाराष्ट्रात आणून १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते: तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथे फॉर्म २७, आणि गाडीच्या वयानुसार इथला वाहनकर. जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मिळतो, पण तो अर्ज तिथल्या नोंदणीवरच्या मालकाच्या नावाने करायचा असतो आणि पैसे यायला महिने लागतात. म्हणून एनओसीबरोबरच परतावा अर्जावर त्याच्या सह्या घ्या. चार लाख स्वस्त दिसणारी गाडी इथे पासिंग झाल्यावर अनेकदा तेवढ्यालाच पडते, आणि विकताना गिऱ्हाईक ‘बाहेरची गाडी’ म्हणून भाव पाडतं ते वेगळं.

जुन्या आयात गाडीच्या प्रेमात असाल तर १५ वर्षांनंतरची नोंदणी आधी धरा. एरवीच्या कारला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, आयात कारला ४०,०००. वीस वर्षं उलटल्यावर २०२५ च्या नियमाने अनुक्रमे १०,००० आणि ८०,०००. त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेसची धावपळ.

पैसे देताना

डीलरकडून घेत असाल तर बिलावरचा जीएसटी नीट वाचा. २०२५ पासून वापरलेल्या गाडीवर डीलरला १८ टक्के जीएसटी आहे, पण फक्त त्याच्या नफ्यावर. २० लाखांना घेतलेली गाडी २२ लाखांना विकली तर कर दोन लाखांवर, म्हणजे ३६ हजार. पूर्ण २२ लाखांवर १८ टक्के लावून कुणी बिल दाखवत असेल तर उठून या. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विकलेल्या गाडीवर जीएसटी नाही. १० लाखांवरच्या गाडीला डीलर १ टक्का टीसीएस घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचं प्रमाणपत्र मागा. ‘हँडलिंग’, ‘फाइल चार्ज’, ‘रिफर्बिशमेंट’ या नावांखाली लावलेले पैसे मात्र निव्वळ डीलरचे. ते बोलणीतच काढून टाका.

थोडी रक्कम रोख द्या, बिल कमी दाखवू, हा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. शिवाय बिल कमी असेल तर विम्यापासून पुढच्या विक्रीपर्यंत सगळीकडे तुमचीच बाजू लंगडी पडते.

कर्ज काढणार असाल तर आधी मंजुरी, मग टोकन. वापरलेल्या गाडीचं व्याज नवीपेक्षा जास्त असतं, आणि जुन्या किंवा मोजक्याच संख्येच्या गाडीची किंमत बँकेचा मूल्यमापक बाजारापेक्षा कमी धरतो. मधला फरक खिशातून घालावा लागतो. टोकन देताना एका ओळीत लिहून घ्या: तपासणीत दोष निघाला किंवा कागद अपुरे निघाले तर पैसे परत.

आता पहिल्या वर्षाचा खर्च. समजा दोन लिटरची, सहा वर्षांची गाडी २२ लाखांना ठरली. अधिकृत वर्कशॉपमधली तपासणी आणि स्कॅन पाच-सात हजार. आरटीओ एजंटसह पाच-सहा हजार. १८ इंची टायर एकेक १५ ते २० हजार, म्हणजे चारांचे ६० ते ८० हजार. गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक पॅड, कूलंट, प्लग असं एकदम करून घ्या, ५०-६० हजार. विमा ५० हजारांच्या आसपास. बेरीज दोन लाखांच्या घरात जाते. म्हणून गाडीच्या किमतीच्या दहा टक्के वेगळे ठेवल्याशिवाय व्यवहार करू नका. पंपावर एक्सपी ९५ सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरावं लागणार असेल तर तेही महिन्याच्या हिशोबात घ्या. कुर्ल्याच्या बाजारात जुने पार्ट स्वस्त मिळतात. दाराची काच, आरसा, सीट तिथून खुशाल घ्या. एअरबॅग आणि इंजिनाचा कॉम्प्युटर बिलाशिवाय घेऊ नका.

विमा

आरसी बदलली म्हणजे विमा आपोआप बदलला असं नाही. तृतीयपक्ष संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण नाव बदलल्याशिवाय लागू होत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याचा स्वतःचा असतो, गाडीचा नव्हे. ५० टक्के बोनसमुळे कमी झालेला त्याचा हप्ता पाहून हुरळू नका, तुमचा वेगळा येईल. तृतीयपक्ष हप्ता १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७, अधिक जीएसटी. दीड लिटरच्या व्हर्टस जीटीला आणि दोन लिटरच्या ऑक्टेव्हिया आरएसला त्यामुळे थेट दुपटीहून जास्त फरक पडतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले असतील तर बोनस गेला, आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी झाल्याशिवाय नवी पॉलिसी मिळत नाही.

मोजक्याच संख्येच्या गाडीला एक जास्तीचा धोका आहे. तुम्ही २५ लाख मोजले आणि पॉलिसीत आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) १७ लाख लिहिला असेल तर चोरी झाल्यावर १७ लाखच मिळतील. पाच वर्षांवरच्या गाडीचा आयडीव्ही चर्चेने ठरतो. ऑनलाइन दिसलेला पहिला आकडा स्वीकारू नका. फोन करा, खरेदीची पावती पाठवा, आयडीव्ही वाढवून घ्या. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

विकणारे तुम्ही असाल तर

मूळ सायलेन्सर, मूळ चाकं, मूळ स्प्रिंग आणि दोन्ही किल्ल्या सांभाळून ठेवा. गाडी मूळ स्थितीत आणून विका, आवडीचे पार्ट वेगळे विका, त्यांना वेगळा भाव येतो. कंपनीची वाढीव वॉरंटी सहा-आठ महिने शिल्लक असतानाच जाहिरात द्या. ती संपली की त्याच गाडीसाठी घेणारा घासाघीस करू लागतो. वर्ष बदलण्याआधी, नोव्हेंबरात काढा. जानेवारीत तीच गाडी एक वर्षाने म्हातारी होते. घेणाऱ्याने मात्र नेमकं डिसेंबरमध्ये आणि ऐन पावसाळ्यात फिरावं, गिऱ्हाईक कमी असतं.

गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेल्या पावतीवर घेणाऱ्याची सही घ्या. ‘नाव मी सावकाश करतो’ हे ऐकून किल्ली देऊ नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईला जबाबदार तुम्ही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि ही परफॉर्मन्स कार आहे हे विसरू नका. डीलरला देत असाल तर तो परिवहन खात्याकडे नोंदलेला आहे ना ते पाहा. २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याचं पोर्टलवर कळवता येतं आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. आरसी बदलल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत थोडी रक्कम घेणाऱ्याकडून अनामत म्हणून ठेवून घ्या, आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.